पाण्यावर तरंगलेलं काळीज

तारकर्लीत सुगंधा तांडेलीण वाटेला लागली की माणसांच्या आधी वाऱ्याला कळायचं. बारशाला हे नाव ज्या आत्याने सुचवलं, तिला बिचारीला काय ठाऊक की पोरगी मोठी होऊन मोरी माशाच्या काळजाचं तेल काढणार आहे! शेजारीण हौसाबाय पदराने नाक दाबून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "गो बायांनो, सुगंध इलो गो! दारां लावा!" आणि सुगंधा डोक्यावरच्या पाटीचा तोल जराही न जाऊ देता उत्तर फेकायची, "लाव गो लाव! मोरयेचा मटण खाताना बरी तुजी दारां सताड उघडी रवतत!"

डॉक्टर ज्याला यकृत म्हणतात त्याला ती काळीजच म्हणायची, आणि त्यातलं तिला जेवढं कळायचं तेवढं मालवणच्या बंदरात कुणाला कळत नव्हतं. किनाऱ्यावर मोरी चिरली की आतून ते लांबलचक, लोण्याच्या रंगाचं काळीज निघायचं. सुगंधा त्याचा एक तुकडा कापून पाण्याच्या करवंटीत टाकायची. तरंगला तर तेल भरपूर. बुडाला तर, "ह्यां सुका पडला, मांजराक घाला." होड्यांचे तांडेल हुज्जत घालायचे, "गो, बरा जाडजूड आसा मगो!" तर ही म्हणायची, "माणूस खोटा बोलता, काळीज बोलणा नाय."

महिन्यातून एकदा मच्छीमार खात्याचा साहेब तेलाचे डबे न्यायला यायचा. त्याचं बोलणं छापील. "बाई, तेल मातीच्या मडक्यात उकळायचं. तांब्याचं भांडं वापरायचं नाही. धातू चरबीत उतरतो आणि चरबी नासते." सुगंधा मान डोलवायची. एकदा मडकं फुटलं म्हणून तिने घरच्या तांब्याच्या हंड्यात काळजं उकळली, आणि आठ दिवसांत तेल असं खवट झालं की साहेबाने झाकण उघडून तसंच परत लावलं. "मी काय सांगितलं होतं?" असं म्हणून तो गेला. त्या दिवसापासून तेलाच्या बाबतीत सुगंधा तांब्याला दारात उभं करत नसे.

तिचा नवरा धोंडू. हा पाग बनवायचा. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं. फेकलं की हवेत छत्रीसारखं उघडतं, आणि घेराला ओवलेल्या शिशाच्या गुळ्या त्याला सरळ तळाला नेतात. एका पागाला चारशेच्या वर गुळ्या. वाण्याकडच्या चहाच्या जुन्या पेट्यांत शिशाचा पत्रा असायचा, तो धोंडू उचलून आणायचा. नाहीतर मोटारीच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडायचा. घरापुढच्या खळ्यात लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, चिऱ्यात कोरलेल्या पन्हळीत ओतायचं, निवलं की पट्टीचे तुकडे करायचे. आणि मग खरी कारागिरी: तुकडा दोरीला गुंडाळून दातांत धरायचा आणि कचकन् चावायचा.

बाकीचे लोक हातोडी वापरायचे, पक्कड वापरायचे. धोंडूला त्यांची कीव यायची. "हातोडयेन ठोकलेली गुळी दोरी कापता. पकडीन दाबलेली सुटता. आणि दातान चावलेली?" इथे तो थांबायचा, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. "दातान चावलेली रांडेची मरासर सुटूची नाय!" पाचसात तुकडे तो गालातच ठेवून द्यायचा. विडा एका गालात, शिसं दुसऱ्या. कुणी विचारलं, "चव कशी रे?" तर म्हणायचा, "गोडसर. बायलेच्या बोलण्यापेक्षा बरी."

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्याच्या पागाला मागणी होती. एकच मुलगी, सीता; ती लग्न होऊन मिठबावला गेली होती. घरात दोघं, दहाबारा कोंबड्या, आणि तो वास. बरं चाललं होतं.

सत्तावन्न सालची दिवाळी झाली आणि धोंडूच्या पोटात पीळ पडायला लागला. साधा नव्हे. बेंबीशी कुणीतरी दोरखंड पिळतंय असा. तो गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर लोळायचा आणि दातांत पंचा धरायचा. पाच-पाच दिवस परसाकडे होत नव्हतं. तोंडाचा रंग उडाला. ओवा झाला, हिंग झाला, नाळगुंद बसवणारी म्हातारी पोट चोळून गेली. शेवटी सुगंधाने त्याला वाळूतून चालवत मालवणात वालावलकर डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर पुण्यात शिकलेले. प्रत्येक वाक्याला "काय समजलास?" अशी गाठ मारायची त्यांना सवय. आणि त्यांच्या मागे कंपाउंडर बाबली उभा; त्याचं काम औषध ओतणं, पण आवड डॉक्टरांच्या वाक्याचं शेपूट पकडून त्याला मालवणी गोंडा लावणं.

"झोप. गुडघे वर. श्वास घे." डॉक्टरांनी बोटं बरगडीखाली खुपसली. "हं. लिव्हर चार बोटं खाली आलंय. चरबी चढलीय यकृतावर. किती पितोस?"

"पाणी?" धोंडूने विचारलं.

"पाण्याने यकृत सुजत नाही रे. दारू! हातभट्टी! काय समजलास?"

"साहेब, मी सोऱ्याक हात लावणंय नाय. माजो बापूस सोऱ्यान मेलो. वासान माका ओकारी येता."

"सगळे असंच सांगतात. दारूबंदी झाल्यापासून ह्या तालुक्यात एकही माणूस दारू पीत नाही. आणि यकृतं मात्र रोज सुजतात."

"सुजतत," बाबली म्हणाला. "सुजतच रवतत."

सुगंधाने पुढे होऊन विचारलं, "साहेब, काळजार चरबी चढली म्हंजे काय झाला?"

असा प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारत नसे. ते जरा खुलले. "यकृत म्हणजे एक मोठा कारखाना समज. आत लाखो बारीक खोल्या. प्रत्येक खोलीत चरबी येते, तिथे तिच्यावर काम होतं, आणि ती पुढे पाठवली जाते. आता आत विष आलं. खोल्या आपलं काम सोडतात. चरबी येते, पण बाहेर जात नाही. साठते. खोली फुगते, आणि शेवटी मरते. काय समजलीस?"

"आणि ईष म्हंजे?"

"सांगितलं ना? दारू!"

"सोरो," बाबलीने भाषांतर केलं.

परतीच्या वाटेवर धोंडू तीनदा म्हणाला, "मी पिणंय नाय गो."  ती काळजाचा विचार करत होती. चरबी चढलेलं काळीज तिने आयुष्यभर हातात धरलं होतं, आणि ते कधी खोटं बोललं नव्हतं. धोंडू माणूस होता. माणसाचं काय?

त्या दिवसापासून तिने बाटलीचा शोध सुरू केला. माडाच्या मुळाशी पहारीने खणलं. छपराचे नळे उचलून बघितले. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या तोंडाशी नाक नेऊन उभी राहायची.

"काय गो, मांजर काय तू?"

"खंय ठेवलात ती बाटली?"

"कसली बाटली? विड्याचो वास येता तो विड्याचो!"

"विडो कित्याक खातात? वास झाकूकच मां?"

 धोंडूने विडा सोडला असता तर म्हणाली असती, आता दुसरं काही सापडलं असेल. बाटली मिळत नव्हती, आणि न मिळालेली बाटली मिळालेल्या बाटलीपेक्षा वाईट. तिने दारोदार जाऊन सांगितलं, "माज्या घोवाक कोणी थेंब पाजलो तर माज्याशी गाठ आसा!" वाडीला आयतं गाणं मिळालं. हौसाबाय तिचा आवाज हुबेहूब काढायची, कमरेवर हात ठेवून, हनुवटी पुढे काढून: "माज्या घोवाक कोणी थेंब पाजलो तर!" विहिरीवर हसून बायकांच्या घागरी हिंदकळायच्या. धोंडू वाटेने गेला की पोरं मुद्दाम झोकांड्या खात चालायची.

तिने देवाला कौलही लावला. गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, "ह्येचो घोव सोरो पिता काय नाय, तां सांग रे म्हाराजा!" आणि उजवी कळी टपकन् पडली. पीत नाही. गुरव म्हणाला, "देवान साफ सांगल्यान, बाये." सुगंधाने हात जोडले, आणि मनात म्हणाली, देवाने मोरी कधी चिरली आहे? देवावर तिचा विश्वास होता. पण चार बोटं सुजलेल्या काळजावर जास्त होता.

पावसाळ्यानंतर जावयाच्या होडीवर माणूस कमी पडला म्हणून धोंडू मिठबावला गेला. सव्वा महिना राहिला. परत आला तेव्हा गालांवर रंग होता, पोटाचं नाव नव्हतं, आणि आल्याआल्या त्याने चार बांगडे आणि टोपातला सगळा भात संपवला. "दर्यार माका काय्येक झाला नाय गो! एक दिस पोट दुखूक नाय! माका थंयच रवूक दी."

कुणालाही आनंद झाला असता. सुगंधाला झाला नाही. तिला वाटलं, तिथे मिळते. तिथे विचारणारी बायको नाही, म्हणून मनसोक्त मिळते, म्हणून हा असा टवटवीत. तिने बाप्यांना असं बघितलं होतं: मिळाली की खूश, न मिळाली की पोट धरून लोळण.

आणि तिने ठरवलं की आता ह्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

दर्या बंद, बाजार बंद, हौसाबायच्या ओटीवरचा पत्त्यांचा डाव बंद. सकाळी पेज घातली की ती त्याला खळ्यात आपल्या समोर बसवायची. तिच्या मडक्याखाली जाळ, त्याच्या पळीखाली जाळ. "पाग करा. बसान करा. माज्या डोळ्यांम्होर." पूर्वी तो महिन्यात दोन पाग करायचा, आता पाच करू लागला. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कचकन्, कचकन्. डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलं होतं, म्हणून काळजाला थंड पडेल असं म्हणत तिने कोकमाचं आगळ सुरू केलं. तांब्याभर आंबट पाणी त्याच्या शेजारी. तो गालात शिसं ठेवून घोट घोट घ्यायचा.

हौसाबाय कुंपणावरून बघायची. "गो सुगंधा, घोवाक बांधून घातलंस म्हंजे आता सुदारतलो हां!"

सुधारला नाही. महिन्याभरात पीळ परत आला, पहिल्यापेक्षा वाईट. डोळ्यांत पिवळी झाक आली. तो माणसांची नावं विसरू लागला. एकदा त्याने सुगंधालाच "सीता" म्हणून हाक मारली. तिला रडू यायचं, आणि रडू आलं की ती आणखी कडक व्हायची. परसात जाताना बरोबर जायची. हा घराबाहेर पडत नाही, कुणी घरात येत नाही, मग पितो कुठून? ती अंथरुणावर बसून हिशेब जुळवायची आणि तो जुळायचा नाही. कधी वाटायचं, आपण वेड्या झालो. कधी वाटायचं, आपल्या डोळ्यांदेखत पितोय आणि आपल्याला दिसत नाही.

हे दुसरं खरं होतं.

एकोणसाठच्या मे महिन्यात एका सकाळी धोंडूने पेजेची वाटी उचलायला हात पुढे केला, आणि हात मनगटाशी लोंबला. पंजा वर येईना. त्याने दुसरा हात पुढे केला. तोही तसाच. ओल्या फडक्यासारखे दोन पंजे. त्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "सुगंधा, माजे हात खंय गेले गो?"

ती एकटीच धावत मालवणला गेली. डॉक्टर म्हणाले, "नसांवर उतरली. दारूचं हे पुढचं पाऊल. अजून पितोय तो. आता फार तर पाच-सहा महिने, काय समजलीस?" बाबलीने ह्या वेळी शेपूट पकडलं नाही.

घरी आली तर अंगणात काळी तलंग मरायला टेकली होती. महिन्याभरात ही चौथी कोंबडी. वाडीत सगळे म्हणायचे मानमोडी आलीय, पण हौसाबायची एकही मेली नव्हती. तलंगेचे पंख दोन्ही बाजूंना जमिनीवर सांडले होते. ती उचलायला बघत होती आणि ते उचलत नव्हते.

सुगंधा तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने खळ्यातल्या धोंडूच्या हातांकडे बघितलं. परत तलंगेकडे.

तिने कोयती आणली.

काळीज हातात आलं आणि ती तशीच खाली बसली. कोंबडीचं काळीज काळसर लाल, घट्ट असतं. हे पिवळट होतं, बोटाखाली लोण्यासारखं दबत होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिने तुकडा कापला आणि पाण्याच्या करवंटीत टाकला.

तरंगला.

"अवो," ती पुटपुटली, "कोंबडी सोरो पिता काय?"

मग तिने दाणे दळायची जाड पिशवी चिरली. आत भाताची तुसं, वाळूचे खडे, आणि करड्या, चकचकीत, दोन्ही बाजूंनी झिजलेल्या सात कपच्या. चावताना दातांखालून उडालेल्या. कोंबड्या दिवसभर धोंडूच्या पायाशीच टिपत असायच्या.

धातू चरबीत उतरतो आणि चरबी नासते. छापील आवाजातलं ते वाक्य तिला स्पष्ट ऐकू आलं. विष म्हणजे दारू, हे डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्यही आलं, आणि ह्या दोन वाक्यांच्या मधे धोंडू दिसला: खळ्यात बसलेला, गाल फुगलेला, शेजारी आगळाचा तांब्या. तिने बसवलेला. तिने भरलेला. आणि आंबट लागलं की धातू उतरतो, हे कल्हईची भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

कोंबडीचं रक्त लागलेला हात तिने तोंडावर दाबला, तरी आवाज बाहेर आलाच. हौसाबाय कुंपणाशी धावली. "काय झाला गो? गेलो काय?"

"हौशे, तुजी एक कोंबडी दी माका. आत्ताच्या आत्ता दी!"

हौसाबायने उभ्या जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता सुगंधाला काही दिलं.

दवाखान्यात माणसं भरलेली होती. सुगंधा सरळ आत घुसली. "ए बाये, नंबर—" बाबली आडवा आला, तर तिने त्याच्याच हातातला काचेचा पेला घेतला, पाणी भरलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. केळीच्या पानातून दोन तुकडे काढले.

"ह्यां हौशेच्या कोंबडयेचा." बुडाला. "आणि ह्यां माज्या." तरंगला. मग तिने पदराची गाठ सोडून कपच्या टेबलावर ओतल्या. "ह्यो माज्या कोंबडयेच्या पोटातसून गावल्यो. माजो घोव पाग करता, साहेब. दातान चावता. दिसभर. आता सांगा, माजी कोंबडी किती पिता?"



डॉक्टरांनी एक कपची उचलून नखाने ओरखडली. कागदावर घासली, करडी रेघ उठली. "शिसं," ते म्हणाले.  "त्याला घेऊन या." तुझं तुम्ही झालं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

बैलगाडीतून धोंडूला आणलं. डॉक्टरांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून त्याच्या हिरड्यांवरचा विड्याचा रंग पुसायला सुरुवात केली. एक बोळा, दोन, तीन. लाल रंग उतरला आणि खाली, दातांच्या मुळाशी, शाईने ओढावी तशी निळीकाळी रेघ निघाली. वर एक, खाली एक.

"पान खातो हा," डॉक्टर पुटपुटले. "म्हणून दिसली नाही." त्यांनी कापूस टाकला. "मुंबईला न्यायला हवं. इंजेक्शन असतं, शिसं रक्तातून ओढून काढतं. इथे मिळणार नाही. उद्या जा. शेवटची बोट आहे, नंतर चार महिने बंदर बंद."

"हात येतले साहेब?" सुगंधाने विचारलं.

"आधी माणूस वाचू दे."

गाडीत तिने धोंडूला सगळं सांगितलं. कोंबडी, शिसं, आगळ. काही लपवलं नाही. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. बराच रस्ता संपल्यावर तो म्हणाला, "मिठबावाक माका बरा वाटला हुता."

"होय."

"तू माका परत थंय जावक दिलंस नाय."

"होय."

"आणि खळ्यात बसयलंस."

तिने त्याचे दोन्ही पंजे उचलून आपल्या मांडीवर घेतले. 

दुसऱ्या दिवशी बंदरावरून बोटीकडे नेणाऱ्या पडावात बसले. वारा फिरला होता. लाटा उलट्यासुलट्या येत होत्या. बोट लांब उभी होती, आणि तिच्या अंगावर लाकडी शिडी आपटत होती. धोंडूचे पाय लटपटत होते, हात लोंबत होते, डोळे पिवळे. शिडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बोटीवरच्या कारकुनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याला नाही घेता येणार. प्यायलेल्या माणसाला बोटीवर मनाई आहे. दारूबंदीचा कायदा आहे."

"साहेब, तो पिणा नाय! आजारी आसा!"

पडावात वाडीतला शिवा मेथर होता. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, गमतीखातर बोलला. "गो सुगंधा, दोन वर्सां तूच दारोदार सांगत फिरलंस मां? 'माज्या घोवाक कोणी थेंब पाजलो तर!'" त्याने हौसाबायची नक्कल केली, म्हणजे नकलेची नक्कल, आणि ती इतकी बेमालूम होती की सगळा पडाव हसला. कारकूनही हसला.

"मी खोटा सांगलंय!" सुगंधा किंचाळली. "आयकलात काय रे? मी खोटा सांगलंय! ह्येना जन्मात थेंब घेऊक नाय! देवान सांगल्यान तरी माका पटूक नाय!"

"आता घोवाक वर चढवूक असाच सांगतली," कुणीतरी मागून म्हणालं.

तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. कारकुनाने ती वाऱ्यात उलगडली, इंग्रजी अक्षरावर नजर फिरवली, आणि त्याला ते अक्षर लागलं नाही हे स्पष्ट दिसलं. बोटीचा भोंगा झाला. पडाववाला ओरडला, "चढा नायतर उतरा! माका परत जावचा आसा!"

"तोंडाचा वास घेवा!" सुगंधा म्हणाली. "मी दोन वर्सां घेतलंय, माका गावलो नाय. तुमी घेवा! गावलो तर आमका दोगांकय दर्यात ढकला!"

कारकून अवघडला. सगळे बघत होते. तो वाकला, शिडीचा कठडा धरून धोंडूच्या तोंडाशी नाक नेलं. धोंडूने लहान मुलासारखं आ केलं. कारकून सरळ झाला. त्याने चिठ्ठी घडी करून तिच्या हातात दिली आणि बाजूला झाला.

वर चढवायला हात हवेत, आणि हातच नव्हते. शेवटी शिवा मेथरनेच त्याला पाठीवर घेतलं. हसणं बंद झालं होतं. वर पोचल्यावर शिवाने त्याला कठड्याला टेकवून बसवलं आणि खाली उतरला.

मुंबईच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने कागद पुढे ओढला. धोंडूच्या पोटावर बोटं दाबली, डोळ्यांची पापणी खाली ओढली, आणि मान वर न करता विचारलं, "किती पितो हा?"

"थेंब नाय," सुगंधा म्हणाली. "आदी तां लिवा. मगे बाकीचा विचारा."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि लिहिलं.

इंजेक्शनं सुरू झाली. नवव्या दिवशी पोटातला दोरखंड सुटला. पंधराव्या दिवशी डोळे पांढरे झाले. बाहेर पाऊस कोसळत होता. रोज सकाळी डॉक्टर यायचा आणि म्हणायचा, "हात वर करा बघू." धोंडू मनगटापर्यंत हात उचलायचा, आणि पुढे पंजे तसेच खाली. डॉक्टर म्हणायचा, "उद्या बघू." महिना झाला. दुसरा सुरू झाला. एका सकाळी त्याने "उद्या बघू" म्हटलं नाही, नुसता कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे वळला, आणि दोघांनाही समजलं.

सुगंधाने चहाचा पेला धोंडूच्या ओठांशी धरला. त्याने एक घोट घेतला.

"सुगंधा."

"काय?"

"सोरो पियालंय असतंय तर बरा झाला असता गो. हात असेच गेले असते, पण मजा तरी गावली असती."

कितीतरी महिन्यांत त्याने केलेला हा पहिला विनोद होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खळाळून हसला. सुगंधाला हसता आलं नाही. तिने पेला घाईघाईने परत ओठांशी नेला, चहा त्याच्या छातीवर सांडला, आणि तो पुसायला त्याचा हात सवयीने वर आला आणि मनगटाशी लोंबला.

"रवांदी," ती म्हणाली. "मी पुसतंय."